न टाकलेल्या स्टेन्टचे मोल

हृदयविकाराच्या झटक्याला वेळकाळ नसतो. तेव्हा धमनीत नळी घालून त्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या दिनक्रमालाही तो असू शकत नाही. रुग्ण रुग्णालयाच्या दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद धमनी उघडली जावी, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. दौंड-शिरूरहून निघालेल्या किंवा दिवे घाट उतरून आलेल्या रुग्णाचा कितीतरी मोलाचा वेळ वाटेतच सरलेला असतो. पुण्यातील तज्ज्ञाच्या घरी मध्यरात्री फोन वाजतो तेव्हा घड्याळ बरेच पुढे गेलेले असते.

पुढचे काम अंगमेहनतीचेही आहे. अंगावर शिशाचा पाच-सहा किलोंचा झगा, गळ्याभोवती शिशाचाच पट्टा, अशा वेषात उभे राहून मनगटातील वा जांघेतील धमनीतून नळी हृदयापर्यंत न्यायची. मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश जाडीची तार गुठळीपलीकडे सरकवायची, फुगा फुगवायचा आणि धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेन्ट, बसवायचा. हे सारे क्ष-किरणांच्या पडद्यावर नजर ठेवून. वर्षानुवर्षे असे काम करणाऱ्यांना मणक्याची दुखणी जडतात, अकाली मोतीबिंदूचा धोका असतो; रुग्णाच्या बिलात याची नोंद कोठेच नसते. झुरिच येथे १६ सप्टेंबर १९७७ रोजी आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयधमनीत प्रथम फुगा फुगवला. त्यांच्याच हाताखाली शिकलेले डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलरिकल यांनी १९८६ मध्ये ही पद्धत भारतात आणली. तेव्हापासून झटक्याच्या वेळी या उपचाराने वाचलेल्या प्राणांची गणती नाही. रात्रीच्या या कामाविषयी वाद संभवत नाही.

वाद आहे तो दिवसाच्या कामाविषयी. जिना चढताना छातीत भरून येते, थांबले की बरे वाटते, गेले कित्येक महिने असेच चालले आहे, असा रुग्ण बाह्यरुग्ण विभागात येतो. अँजिओग्राफीत एका धमनीत ७० टक्के अडथळा दिसतो. आता काय करावयाचे? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ आणि २०२० मधील ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिले की, अशा स्थिर दुखण्यात औषधांच्या जोडीला स्टेन्ट टाकल्याने सर्वसाधारणपणे आयुष्य वाढत नाही. छातीतले दुखणे मात्र कमी होते. मुख्य डाव्या धमनीचा आजार किंवा फार दुर्बल झालेले हृदय ही प्रकरणे अर्थातच वेगळी. परंतु उरलेल्या अनेकांच्या बाबतीत आधी औषधे, चालणे, तंबाखूला रजा आणि मग गरज पडल्यास स्टेन्ट, हा क्रम शास्त्राला धरून आहे.

हा क्रम रुग्णाला समजावून सांगण्यास अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्या वेळाची प्राप्ती म्हणजे तपासणीची फी. तेवढ्याच वेळात एक अँजिओप्लास्टी उरकते. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच लिहून ठेवले आहे की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला नसते आणि म्हणूनच तेथे विश्वासावाचून व्यवहार होऊ शकत नाही. भाजी घेताना आपण वांगे दाबून पाहतो. धमनी दाबून पाहता येत नाही. गरज ठरवणारा आणि ती पुरवणारा एकच, आणि मेहनताना मात्र पुरवण्याचाच, अशी ही रचना आहे. तीत सज्जन माणसाचाही हात स्टेन्टकडे वळला तर नवल कसले?

त्याच्या मागे लागलेले तगादेही पाहिले पाहिजेत. पदवी, एम.डी. आणि डी.एम. मिळून अकरा-साडेअकरा वर्षे शिकल्यावर तो कमावू लागतो. रुग्णालयाने कोट्यवधी रुपये घालून उभारलेली कॅथलॅब रिकामी राहून चालत नाही. पुण्यातील डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात रुग्णालयांकडून नेमून दिली जाणारी उद्दिष्टे डॉक्टरांनीच सांगितली आहेत. शिवाय आपणही त्याला मोकळे सोडत नाही. स्टेन्ट टाकूनही रुग्ण दगावला तर ‘डॉक्टरांनी शर्थ केली’ असे आपण म्हणतो. गोळ्यांवर ठेवलेला रुग्ण महिन्याने दगावला तर हलगर्जीपणा म्हणतो. न टाकलेल्या स्टेन्टमुळे सुखरूप राहिलेला रुग्ण पेढे घेऊन येत नाही.

सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेन्टच्या किमतीवर मर्यादा घातली. लाखाच्या वर विकला जाणारा औषधवेष्टित स्टेन्ट २९,६०० रुपयांवर आला. हे योग्यच झाले. पण वस्तूची किंमत बांधता आली तरी ती वापरावी की नाही या निर्णयाला कोणता दर लावणार? या संदर्भात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील एक तरतूद लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे ठरवून करावयाच्या उपचाराला पूर्वमंजुरी लागते आणि त्यासाठी रुग्णाचे कागद दुसऱ्या डॉक्टरच्या नजरेखालून जातात. हेतू तिजोरी राखण्याचा असेल, तरी दुसरी नजर पडते हे खरे. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून रोख पैसे भरणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला एवढेही येत नाही.

म्हणून प्रत्येक स्थिर रुग्णाच्या बाबतीत दुसऱ्या तज्ज्ञाचा लेखी सल्ला रुग्णालयाने स्वतःच घ्यावा आणि त्या सल्ल्याची घसघशीत फी बिलात उघडपणे लावावी, असे मला वाटते. निर्णय नकाराचा असला तरीही. महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद लागू केली आहेच. तोवर अँजिओग्राफीची सीडी मागून घ्यावी आणि दुसरीकडे दाखवावी. टेबलावर झोपलेल्या माणसाच्या नातलगांना ‘आत्ताच टाकून घेऊ का?’ असे विचारले जाते, तेव्हा दुखणे झटक्याचे आहे की स्थिर, एवढा एक प्रश्न त्यांनी जरूर उलट विचारावा. स्थिर असेल, तर बहुधा चार दिवसांची उसंत असते.