छत्राक व अळंबी : एका निषेधाचा अर्थ

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत कवक व छत्राक हीं द्विजांस अभक्ष्य ठरविलीं आहेत. एवढ्यावरून अळंबी आपल्या आहारांत नव्हती, असें अनुमान काढणें आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं. जें कोणी खातच नाहीं, त्याच्या निषेधाचें प्रयोजन काय? शिवाय सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत (अ. ४६) पेंढा, ऊंस, शेण, वेळू व भूमि यांवर उगवणारीं उद्भिदें शाकांत गणून त्यांचे गुण निरनिराळे सांगितले आहेत, भूमिजाचा अनुरस तर भूमीप्रमाणें पालटतो, असें म्हटलें आहे. धर्मशास्त्रानें वर्ज्य केलेली वस्तु वैद्यकानें विचारांत घेतली होती, हें उघड आहे.

हें स्थळज्ञान लोकांत आजहि आहे. गोमंतकांत वारुळास रोयण म्हणतात, आणि पावसाळ्यांत तेथें उगवणारीं अळमीं रानांतून आणून त्यांचें तोणाक करितात. वाळवी हें कवक वारुळाच्या पोटांत अन्नार्थ पोसते. या वंशास फ्रेंच कवकशास्त्रज्ञ हाइम यांनीं १९४२ सालीं ‘टर्मिटोमायसिस’ हें नांव दिलें. वाळवीवांचून तें वाढत नसल्यामुळें वारूळ मोडलें कीं पुढील पीकहि गेलें.

‘छत्राक’ या एकाच शब्दांत भक्ष्य व प्राणघातक असे दोन्ही प्रकार येतात. तेव्हां पोथींतील नांवावरून भक्ष्याभक्ष्य ठरवूं नये; तो निर्णय जाणत्या वनवासीयांचाच होय. संग्राहकांनीं मात्र वैद्यकाच्या पोथ्यांच्या समासांत अळंबीचीं देशी नांवें आढळल्यास तीं स्थळनिर्देशासह उतरून ठेवावींत, अशी आमची विनंति आहे.