मुक्कामाची गाडी

पहाटे पावणेसहाला आमच्या गावात एसटीचं इंजिन सुरू होतं. रात्री आठला आलेली मुक्कामाची गाडी पारापाशी उभी असते, ड्रायव्हरकाका आणि कंडक्टरकाका मारुतीच्या देवळात झोपतात. थंडीत पुढची काच दवानं पांढरी झालेली असते. काका ती जुन्या टॉवेलनं पुसतात, मग सेल मारतात. तो आवाज आला की आई माझ्या डब्याला झाकण लावते.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात मोटारसायकल एकच, ती वडिलांची; सकाळी डेअरीला दूध घालायला जाते. कॉलेज तालुक्याच्या गावी, ३० किलोमीटरवर. एसटीच्या हिशेबात सहा किलोमीटरचा एक टप्पा, म्हणजे पाच टप्पे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या डोंगरी भागात मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की लोक फी, शिष्यवृत्ती, वसतिगृह असं बोलतात. मला वाटतं, आधी गाडी किती वाजता सुटते ते विचारावं. गाडी रात्री गावात राहते म्हणून मला साडेसातचं लेक्चर मिळतं. तीच गाडी सकाळी तालुक्याहून निघून आमच्याकडे यायची असती, तर आठ इथंच वाजले असते. म्हणून गाव त्या दोघांना जपतं. हिवाळ्यात त्यांच्या आंघोळीचं पाणी रोज एका घरी तापतं. आमची पाळी गुरुवारची.

बारावीपर्यंत मला प्रवासाचा एक पैसा लागला नाही. खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास असतो. एफवायला गेल्यावर तो संपला आणि बोनाफाईड घेऊन पासाच्या खिडकीपुढच्या रांगेत उभी राहिले. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे. दहा दिवसांच्या जाण्यायेण्याचे पैसे भरायचे आणि तीस दिवस फिरायचं. दुसरीकडे १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. मग स्वस्त काय? पासाला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात अर्ध्या तिकिटानं वीस दिवस जाणं-येणं होतं. म्हणजे महिन्यात वीसपेक्षा जास्त दिवस कॉलेज असेल तर पास काढावा, कमी असेल तर रोज तिकीट. ऑगस्टला पास परवडतो, दिवाळीच्या महिन्यात तिकीट. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तरी हा वीस दिवसांचा हिशेब तसाच राहिला. मी पहिल्या वर्षी दिवाळीच्या महिन्याचा अख्खा पास काढून बसले होते, कारण हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता एफवायला आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्याच आठवड्यात सांगते. मुलांना मात्र पासाशिवाय पर्याय नाही. वडापच्या जीपला तर सवलतच नसते, आणि जीप भरल्याशिवाय ती हलत नाही.

खरी अडचण परतीची होती. संध्याकाळी आमच्याकडे दोनच गाड्या. एक ५.१० ची, दुसरी मुक्कामाची, पावणेसातला सुटणारी. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल दोन ते पाच. कॉलेज ते स्टँड पंधरा मिनिटांची चाल. टायट्रेशनमध्ये तीन रीडिंग घ्यायची असतात, ती जुळावी लागतात. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत फ्लास्क हलवत राहायचं. एका थेंबाला फिका गुलाबी रंग येतो आणि टिकतो, तिथं थांबायचं. दोन रीडिंग होईपर्यंत साडेचार वाजलेले असायचे. तिसरं मी कितीदा तरी शेजारणीचं उतरवून घेतलं आणि पळत सुटले. थांबलं तर दीड तास स्टँडवर बसायचं आणि अंधारात गावी उतरायचं. माझ्या घरी ते चालवून घेतात. माझ्याबरोबर बारावी सायन्स केलेल्या तिघींच्या घरी चालत नव्हतं, म्हणून त्यांनी बी.ए. घेतलं. मार्क त्यांना माझ्यापेक्षा चांगले होते. ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

गेल्या वर्षी आम्ही चार गावच्या मुलींनी मिळून विभागात अर्ज दिला: गाडीनं येणाऱ्या मुलींची बॅच सकाळी लावा. बॅच रोल नंबरप्रमाणे असतात, असं उत्तर मिळालं. मग गाड्यांच्या वेळा एका कागदावर लिहून, पालकांना घेऊन पुन्हा गेलो. यंदा जूनपासून आमची बॅच अकरा ते दोन झाली.

आता तिसरं रीडिंग माझं मी घेते. ५.१० च्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरते आणि घाट लागेपर्यंत जर्नल लिहून काढते; पुढं अक्षर हलतं, मग वही मिटते. त्या तिघींपैकी एकीची धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. आमच्याच गाडीनं येते. परवा डबल बेल झाल्यावर माझ्या शेजारी सरकून बसली आणि विचारलं, ‘‘ताई, पुढच्या वर्षीपण बॅच सकाळचीच राहील ना?’’ सोमवारी ते सरांकडून लिहून घ्यायचं आहे.