लढाईवर न गेलेल्या जवानाचे दुखणे

गावात जवान सुटीवर आला की पारावर त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बॉर्डरवर आहेस का?’ तो ‘हो’ म्हणाला तर चहा येतो, माणसे सरकून जागा देतात. ‘नाही, डेपोत आहे’ किंवा ‘ऑफिसात क्लार्क आहे’ असे म्हणाला, की ‘म्हणजे आरामाचीच नोकरी’ असे म्हणून लोक दुसऱ्या विषयाकडे वळतात. येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत येडेश्वरीच्या दर्शनासाठी सुटी काढून आलेल्या फौजी मुलांनाही हे ऐकावे लागते. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण ऐकणाऱ्याच्या मनात ते वाक्य घर करून राहते. त्याचा परिणाम पुढे झोप, रक्तदाब आणि व्यसन यांवर होऊ शकतो, म्हणून आरोग्याच्या सदरात हा विषय घेतला आहे.

फील्ड आणि पीस

फौजेत नेमणुकीचे ठोकळमानाने दोन प्रकार असतात. सीमेवरची किंवा दहशतवादग्रस्त भागातली ती ‘फील्ड’ आणि छावणीतली ती ‘पीस’. कोण कुठे राहून आला हे जवानांना एकमेकांच्या छातीवरील रिबनींवरून चटकन कळते. १९९९ च्या कारगिल लढाईनंतर प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांना ‘ऑपरेशन विजय स्टार’ मिळाला, तर त्या काळात हलवलेल्या व पाठीमागून मदत करणाऱ्यांना ‘ऑपरेशन विजय मेडल’ मिळाले. दोन्ही मानाचीच, पण फरक नजरेत भरतो. अमेरिकेच्या सैन्यात युद्धक्षेत्रात जाऊन आलेल्याच्या उजव्या बाहीवर त्या तुकडीचे चिन्ह असते. ज्याची ती बाही कोरी, त्याच्याकडे सोबती वेगळ्या नजरेने पाहतात. म्हणजे ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही.

सोबत्यांचे मत मात्र सरसकट एकच असते असे नाही. गोळीबार पाहिलेला जुना सुभेदार सहसा कुणाला हिणवत नाही. दारूगोळा कुणी पोचवला, जखमीला कुणी उचलले, जेवण कुणी वर आणले, हे त्याला ठाऊक असते. त्याचा राग असतो तो मुद्दाम बदली टाळणाऱ्यावर. अडचण अशी, की खरोखर आजारी असलेला जवानही पुष्कळदा त्याच माळेत ओवला जातो.

‘कॅटेगरी’ची भीती

फौजेत प्रत्येक जवानाची ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी होते. तिला ‘शेप’ म्हणतात. मन, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे अशा पाच बाबी तपासून प्रत्येकीला दर्जा दिला जातो. सर्व बाबींत पहिला दर्जा असेल तो ‘शेप वन’. त्याला कुठेही पाठवता येते. रक्तदाब, मधुमेह, कंबरेचे दुखणे, कानाचा दोष असे काही निघाले तर जवान ‘लो मेडिकल कॅटेगरी’त जातो आणि त्याच्या नेमणुकीवर बंधने येतात.

ही बंधने शिक्षा म्हणून नसतात. समुद्रसपाटीपासून ९ हजार फुटांच्या वर जाणाऱ्या धडधाकट जवानालाही आधी टप्प्याटप्प्याने काही दिवस थांबवून हवेची सवय करून देतात. तिथे प्राणवायू कमी, थंडी कडक. रक्त घट्ट होते आणि हृदयावर ताण येतो. सियाचीनमध्ये १९८४ पासून गोळीपेक्षा हवामानाने अधिक बळी घेतले आहेत. अशा ठिकाणी रक्तदाब लपवून गेलेला जवान स्वतःचा जीव तर धोक्यात घालतोच, शिवाय त्याला खाली आणणाऱ्या चार सोबत्यांचाही घालतो.

तरीही काही जण दुखणे लपवतात. बढती अडेल ही एक भीती, आणि सोबती ‘कामचुकार’ म्हणतील ही दुसरी. सुटीवर गावी आल्यावर खासगी डॉक्टरकडे गुपचूप गोळ्या घ्यायच्या आणि युनिटमध्ये परतल्यावर बंद करायच्या, असा प्रकार होतो. रक्तदाबाच्या गोळ्या अशा अचानक सोडल्या, तर रक्तदाब एकदम वाढू शकतो. घरच्यांनी याकडे अवश्य लक्ष द्यावे.

मागच्या फळीतला धोका

‘पीस’मध्ये धोका नाही हा समजही खरा नाही. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील दारूगोळा भांडारात मध्यरात्रीनंतर आग लागून स्फोट झाले. ती विझवताना सैन्याचे दोन अधिकारी, अग्निशमन कर्मचारी आणि संरक्षण सुरक्षा दलाचे जवान मृत्युमुखी पडले. या दलात निवृत्त होऊन पुन्हा नोकरीत आलेले माजी सैनिक मोठ्या संख्येने असतात. ठिकाण सीमेपासून शेकडो कोस दूर, भर विदर्भात.

दुसरे उदाहरण ‘ऑपरेशन पराक्रम’चे. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये सैन्य सीमेवर नेले गेले आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत तिथेच राहिले. लढाई झाली नाही. पण सुरुंग पेरताना व काढताना आणि इतर अपघातांत अनेक जवान गेले, अनेकांचे पाय गेले. हे जवान लढाईत होते म्हणायचे की नव्हते?

मनाला लागलेली टोचणी

‘सोबती गेले, मी राहिलो’ किंवा ‘एवढी नोकरी केली पण काही केले नाही’ ही टोचणी निवृत्तीनंतर अधिक जाणवते. शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. गावात सगळे ‘मेजर’ म्हणून हाक मारतात, सत्काराला बोलावतात, लढाईची गोष्ट सांगा म्हणतात. ज्याच्याजवळ तशी गोष्ट नाही, तो हळूहळू अशा कार्यक्रमांना जाणे टाळतो. मग माणसांत बसणे कमी होते, झोप मोडते, चिडचिड वाढते आणि कॅन्टीनची बाटली रोजची होते.

‘लढाई पाहिली नाही, मग याला कसला मानसिक त्रास?’ असे घरचेही म्हणतात. याचे उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दिले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३९ लाख सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मोहिमेवर गेलेल्यांत आत्महत्येचा धोका न गेलेल्यांपेक्षा अधिक आढळला नाही. मात्र ज्यांना नोकरी लवकर सोडावी लागली, त्यांच्यात तो अधिक होता. म्हणून लढाईवर न गेलेल्या जवानाची तक्रार दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

काय करावे?

१. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप उडणे, कशातच मन न लागणे, भूक मंदावणे किंवा ‘जगून काय उपयोग’ असे बोलणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. शेवटचे लक्षण असेल तर एक दिवसही थांबू नये आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

२. ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असते. तिथे मराठीतून बोलता येते.

३. माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. कार्ड काढले नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. पत्नीचेही नाव त्यात घालून घ्यावे.

४. रोज भरपूर दारू घेणाऱ्याने ती घरच्या घरी एकदम बंद करू नये. थरथर सुटणे, भ्रम होणे, फिट येणे असे प्रकार होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

५. नोकरीत असलेल्या जवानाने आपली औषधे युनिटच्या वैद्यकीय अधिकाऱ्यापासून लपवू नयेत. रक्तदाब आणि साखर आटोक्यात आली, तर पुन्हा तपासणी होऊन दर्जा सुधारू शकतो. लपवलेल्या आजारावर मात्र उपचारच होत नाहीत.

६. आपण गावकऱ्यांनीही जवानाशी बोलताना थोडे भान ठेवावे. ‘बॉर्डरवर होतास का’ यापेक्षा ‘काम काय असते तुझे?’ असे विचारावे. वायरलेस, गाड्यांची दुरुस्ती, लंगर, दवाखाना यांतले त्याचे काम तो मोकळेपणाने सांगेल.

कुणाला कुठे पाठवायचे हे जवान ठरवत नाही. हुकूम वरून येतो. जो हुकूम आलाच नाही, त्याची लाज त्याने जन्मभर बाळगण्याचे कारण नाही. आपल्या घरात किंवा शेजारी असा कुणी माजी सैनिक असेल आणि वर्षभरात त्याची तपासणी झाली नसेल, तर या आठवड्यात त्याला सोबत घेऊन जा आणि रक्तदाब व साखर पाहून घ्या. दवाखान्यात जाता-येता मनातलेही चार शब्द बोलून होतील.