पदार्थविज्ञान : घरच्या घरी, आपापल्या गतीने

पदार्थविज्ञानाचे नाव काढताच पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. आमच्या मते दोष विषयाचा नसून गतीचा आहे. या शास्त्रात पायरी सुटून चालत नाही. वेग समजला नाही तर त्वरण समजत नाही, आणि त्वरण न समजता बल केवळ पाठ करावे लागते. वर्ग कोणा एकासाठी थांबू शकत नाही. एकदा मागे पडलेला मुलगा बहुधा मागेच राहतो आणि आपणास बुद्धी नाही अशी त्याची समजूत होऊन बसते. घरी मात्र थांबता येते. ज्यांनी हा विषय अर्ध्यावर सोडला, अशा आपल्या समाजातील मुलामुलींसाठी व त्यांच्या आयांसाठीही आम्ही हे लिहीत आहोत.

आरंभ पुस्तकाने न करता दोऱ्याने करावा. दोऱ्यास लहानसा दगड बांधून खुंटीपासून दगडाच्या मध्यापर्यंत १ मीटर अंतर ठेवावे. अगदी थोडा झोका द्यावा व २० हेलकाव्यांस लागणारा वेळ मोजावा. जाऊन परत आला म्हणजे एक हेलकावा. सुमारे ४० सेकंद भरतील. (एकच हेलकावा का मोजू नये? घड्याळ पाहण्यात होणारी चूक २० हेलकाव्यांत वाटली जाते, म्हणून.) आता दोरा २५ सेंटिमीटर करावा, २० सेकंद लागतील. लांबी चौथाई झाली, वेळ मात्र निम्माच झाला! मग दगड बदलून जड बांधावा. वेळ बदलत नाही. येथे उत्तर शोधण्याची घाई करू नये, चार दिवस लागले तरी चालतील. जड दगडास पृथ्वी अधिक जोराने ओढते खरी, परंतु त्यास हलविण्यासही तितकाच अधिक जोर लागतो. हे ज्याच्या मनाशी जुळले त्याला न्यूटनचा दुसरा नियम परका वाटणार नाही.

पुस्तकातील वाक्यही पारखून घ्यावे. पाणी १०० अंशांवर उकळते, हे समुद्रसपाटीचे झाले. आपले इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळते.

ही रीत नवी नव्हे. १९७२ साली आपल्याच मध्यप्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत, मुलांनी प्रयोग करून उत्तर शोधावे, असा उपक्रम सुरू झाला. पुढे तो शेकडो शाळांत पसरला. २००२ साली शासनाने तो बंद केला, याची आम्हांस खंत वाटते. विलायतेत मायकेल फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असता, बांधावयास आलेली पुस्तके वाचून शास्त्र शिकला.

रोज अर्धा तास पुरे. गणित अडले तर उत्तर न पाहता दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. ध्वनी, उष्णता, प्रकाश यांपैकी काहीही आधी घेतले तरी चालेल. विजेकडे मात्र बल व ऊर्जा समजल्यावरच वळावे, आणि ते प्रयोग टॉर्चच्या सेलवर करावेत, घरातील प्लगवर कदापि नव्हे.