खडा नखावर उतरतो कसा?

लग्नसराईत बेळगाव-निपाणीकडच्या पार्लरमध्ये नवरीच्या नखांवर सिलिकॉनच्या स्टॅम्परने खडे आणि अर्धमोती बसवताना पाहिले, की खडा दाबामुळे चिकटतो असे वाटते. खरे काम करतो तो दोन पकडींतला फरक. मऊ सिलिकॉन खड्याच्या पैलूंवर किंवा मोत्याच्या गोलाईवर नीट टेकते आणि रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाने त्याला उचलते. नखावरच्या चिकट जेलची ओढ त्याहून जास्त, म्हणून खडा तिकडे जातो. ही पकड वेगावरही ठरते. जॉन रॉजर्स यांच्या इलिनॉय विद्यापीठातील गटाने २००६ साली दाखवले, की असा रबरी ठसा झटकन ओढला तर वस्तू उचलतो, सावकाश उचलला तर सोडतो. अर्धवाहक सिलिकॉनच्या (ठशाच्या रबरी सिलिकॉनच्या नव्हे) सूक्ष्म चकत्या ते याच युक्तीने हलवत होते.

मग दाबाचे काहीच काम नाही का? आहे, पण खड्याचा तळ जेलला टेकवण्यापुरतेच. युक्ती इतकी पक्की, तर खडे चार दिवसांत का गळतात, असेही कोणी विचारेल. तो दोष स्टॅम्परचा नव्हे. खड्यामागचा चकचकीत थर जेल घट्ट करणाऱ्या दिव्याचे अतिनील किरण अडवतो, त्यामुळे तळाचे जेल कच्चे राहू शकते. म्हणून जेल कडेने वर येऊ द्यावे आणि दिवा बाजूंनीही दाखवावा. कच्चे जेल त्वचेला लागल्यास ॲलर्जीही होऊ शकते.