सर्पगंधा, क्षयाची गोळी आणि उदास मन

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या. त्याचा गुण काय आला, हे त्यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सविस्तर मांडलं. सर्पगंधा आपल्याकडे नवी नव्हती. झोप उडालेल्या, भ्रमिष्ट माणसाला तिची मुळी देण्याची वैद्यांची चाल जुनीच. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर ती चालते, असं लिहूनही ठेवलं होतं. पण परदेशी डॉक्टरांचं लक्ष वेधलं ते वकिलांच्या लेखाने. १९५२ साली बाझलच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेझर्पिन वेगळं काढलं आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. मनाच्या औषधांचा इतिहास सांगताना हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

रेझर्पिनने रक्तदाब उतरत होता. मात्र काही रुग्ण महिनोन् महिने गोळी घेतल्यावर गप्प गप्प राहू लागले, कशातच त्यांचा जीव रमेना. असं होण्याचं प्रमाण तेव्हा वाटलं तेवढं मोठं नव्हतं, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं. पण त्या वेळी डॉक्टर चमकले होते. १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की, रेझर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतला सेरोटोनिनचा साठा जवळजवळ संपून जातो. नॉरअ‍ॅड्रिनालिन आणि डोपामिन यांचीही तीच गत होते, हेही लवकरच कळलं.

ही तिन्ही मोनोअमाइन कुळातली. चेतापेशी एकमेकींना निरोप पाठवतात तो अशा रसायनांमार्फत. आपण खातो त्या प्रथिनांमधूनच ती घडतात: ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन, टायरोसिनपासून डोपामिन आणि त्यापासून पुढे नॉरअ‍ॅड्रिनालिन. तयार झालेला माल पेशी आपल्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवते, कणगीत धान्य भरावं तसा. रेझर्पिन हे भरणंच बंद पाडतं. मग जे बाहेर राहतं, त्याचा फडशा पेशीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, पाडतं. त्याचं नाव मोनोअमाइन ऑक्सिडेज. १९२८ साली केंब्रिजमध्ये मेरी हेअर या तरुण संशोधिकेला ते यकृतात सापडलं होतं. तेव्हा त्याचा मनाशी काही संबंध असेल, असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तो संबंध जुळला क्षयरोगामुळे. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२च्या सुमारास क्षयाच्या रुग्णांना आयप्रोनियाझिड हे नवं औषध देऊन पाहत होते. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली, हसू-बोलू लागली, पोटभर जेवू लागली. कुणी वॉर्डात नाचल्याची छायाचित्रंही छापून आली. औषध लागू पडून बरं वाटणं वेगळं आणि असा उल्हास चढणं वेगळं, हे काही डॉक्टरांनी हेरलं. त्याच वर्षी अल्बर्ट झेलर यांनी दाखवून दिलं की, हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेजचं काम थांबवतं. पुढे प्राण्यांना आधी आयप्रोनियाझिड आणि मग रेझर्पिन देऊन पाहिलं, तर ते मलूल पडण्याऐवजी उलट बागडायला लागले! साठवण बंद होती, पण बाहेर राहिलेलं रसायन नष्ट करणारं विकरही थंड पडलं होतं. १९५७ साली नेथन क्लाइन यांनी आयप्रोनियाझिड उदासीनतेवरचं औषध म्हणून पुढे आणलं. त्याने यकृताला इजा होते असं दिसल्यावर ते काही वर्षांतच मागे पडलं, पण त्या जातीची दुसरी औषधं आली.

त्याच १९५७ साली स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी केलेला प्रयोग मला या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा वाटतो. रेझर्पिन दिलेले ससे कान पाडून, हालचाल थांबवून बसले होते. ज्यापासून डोपामिन बनतं ते डोपा त्यांना टोचलं. थोड्याच वेळात ससे कान टवकारून उठले. पार्किन्सनच्या रुग्णांना आज मिळणारी लेव्होडोपाची गोळी याच वाटेने आली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

विकर अडवणाऱ्या औषधांना मात्र एक गालबोट लागलं. ती घेणाऱ्या काही रुग्णांचं डोकं अचानक भयंकर ठणकायचं, रक्तदाब भडकायचा. काही जण मेंदूत रक्तस्राव होऊन दगावले. नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याने लंडनच्या डॉ. बॅरी ब्लॅकवेल यांना पत्र लिहिलं: माझ्या पत्नीला हा त्रास चीज खाल्ल्यावर होतो. सहकाऱ्यांनी ते हसण्यावारी नेलं. ब्लॅकवेल मात्र त्याच्या मागे लागले आणि १९६३ साली पत्रलेखकाचं म्हणणं खरं ठरलं. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन असतं. एरवी आतड्यातलं आणि यकृतातलं हेच विकर त्याचा निकाल लावतं. विकर बंद असलं की टायरामिन सरळ रक्तात उतरतं, चेतातंतूंमधलं नॉरअ‍ॅड्रिनालिन बाहेर ढकलतं आणि रक्तदाब उसळतो. ताज्या पनीरचं तसं नाही, दोष मुरवण्या-आंबवण्याचा.

आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ ही जुनी औषधं आता क्वचितच लिहून देतात. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या आजच्या गोळ्या विकराला हातच लावत नाहीत. सोडलेलं सेरोटोनिन पेशीने परत ओढून घेऊ नये, एवढंच त्या पाहतात. ‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय’ असं रुग्णाला सांगण्याची पद्धत पडली ती याच काळात. माझ्या मते ते अर्धवट आहे. गोळीचा सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो. मन सावरायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. उणीव भरून निघाली की आजार बरा, इतकं ते सरळ असतं तर मधले आठवडे कशाचे? गोळीने अनेकांना गुण येतो हे खरं, पण तेवढ्यावरून उदासीनतेचं मूळ सापडलं असं होत नाही.

जुनं विकर मात्र पुन्हा आपल्या दारात येऊन उभं राहिलं आहे, आणि तेही क्षयरोगाच्याच निमित्ताने. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर लिनेझोलिड दिलं जातं. केंद्र सरकारने २०२४ साली मंजूर केलेल्या सहा महिन्यांच्या चार औषधी उपचारातही ते आहे. हे प्रतिजैविक मोनोअमाइन ऑक्सिडेजला सौम्यपणे अडवतं. दीर्घ आजाराने खचलेल्या रुग्णाला त्याच वेळी उदासीनतेची गोळी चालू असेल, किंवा दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं सिरप असेल, तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर साचू शकतं. ताप, दरदरून घाम, थरथर, जुलाब, जिवाची तगमग ही त्याची लक्षणं. ती साध्या तापासारखी भासतात आणि म्हणून नजरेतून सुटतात. वेळेवर ओळखलं तर औषध थांबवून रुग्ण सहसा सावरतो, उशीर झाला तर जिवावर बेततं.

म्हणून एक विनंती. क्षयाच्या दवाखान्यात जाताना मनाच्या गोळ्यांची चिठ्ठी लपवू नका, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना क्षयाची. मेडिकलमधून परस्पर आणलेलं खोकल्याचं औषधही दाखवा. आणि हे वाचून घाबरून चालू गोळी एकदम बंद करू नका. ती कशी आणि कधी सोडायची, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.