शत्रुप्रेमाची आज्ञा आणि ख्रिस्ती माणसाच्या हातची तलवार

शत्रूवर प्रेम करण्याची येशूची आज्ञा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात येते. ती ऐकणारे लोक रोमन वर्चस्वाखाली जगत होते. वेठीला धरून कोसभर नेणाऱ्याबरोबर दोन कोस जावे, हेही त्याच अध्यायातले सांगणे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात भुकेल्या शत्रूला जेवू घालायला सांगितले आणि लगेच १३व्या अध्यायात राज्यकर्त्याच्या हातची तलवार देवाच्या व्यवस्थेत बसवली. पुढची बरीचशी भांडणे या दोन अध्यायांच्या मधल्या जागेत झाली.

सत्ता हाती नव्हती तोवर प्रश्न तुलनेने सोपा होता. तेर्तुलियन आणि ओरिगेन या आद्य ख्रिस्ती लेखकांनी ख्रिस्ती माणसाच्या सैनिकी पेशाला विरोध केला. अर्थात सैन्यात ख्रिस्ती लोक होतेच. २९५ साली उत्तर आफ्रिकेत माक्सिमिलियन या तरुणाने सैन्यात भरती व्हायला नकार दिला आणि त्याचा शिरच्छेद झाला. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाली, आणि शतक संपण्याआधी सम्राटच ख्रिस्ती असणे नेहमीचे झाले. आता सीमेचे रक्षण कोणी करायचे? धर्मशास्त्री ऑगस्टीनचे उत्तर असे, की निरपराधाच्या रक्षणासाठी, मनात द्वेष न धरता केलेले युद्ध पाप ठरत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्याला तीन अटींत बसवले: अधिकृत सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. अटी कडक होत्या, पण त्या तपासणारा बहुधा लढायला निघालेला राजाच असे. १०९५ मध्ये तर पोप दुसरा अर्बन यानेच धर्मयुद्धाची हाक दिली होती.

बाप्तिस्मा प्रौढपणीच घ्यावा असे मानणाऱ्या सोळाव्या शतकातील ॲनाबाप्टिस्टांनी ही तडजोड झुगारली. १५२७च्या श्लाइटहाइम कबुलीत त्यांनी तलवार देवानेच नेमलेली असल्याचे मान्य केले. मात्र ख्रिस्ताच्या अनुयायाने ती धरायची नाही. हॉलंडमधील आस्पेरनचा डर्क विलेम्स हा त्यांच्यापैकीच. प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला आणि घरात इतरांचे बाप्तिस्मे होऊ दिले, हा त्याचा गुन्हा. चिंध्यांच्या दोरावरून तो कैदेतून निसटला आणि गोठलेले पाणी ओलांडून पलीकडे पोहोचला. पाठलाग करणारा मात्र बर्फ फुटून बुडू लागला. डर्क मागे फिरला आणि त्याने त्याला बाहेर काढले. पुन्हा पकडून १६ मे १५६९ रोजी त्याला जाळण्यात आले. ॲनाबाप्टिस्ट परंपरेतल्या मेनोनाइट घरांत ही गोष्ट आजही सांगितली जाते.

क्षमेचा प्रश्न युद्धाहून वेगळा आहे, कारण ती ज्याचे नुकसान झाले त्यानेच करायची असते. कॅथलिक नन सिस्टर राणी मारिया यांची १९९५ मध्ये मध्य प्रदेशात हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण, तीही नन, तुरुंगात गेली आणि तिने मारेकऱ्याला राखी बांधली. शिक्षा देण्याचा अधिकार मात्र राज्याकडेच राहतो, असे बहुतेक पंथ मानतात.

अणुबॉम्बनंतर न्याय्य युद्धाची भाषा अडखळू लागली. शीतयुद्धाच्या ऐन काळात, १९६३ मध्ये, पोप तेविसाव्या जॉनने ‘पाचेम इन तेरिस’ हे शांततेविषयीचे परिपत्रक काढले. २०२० मध्ये पोप फ्रान्सिसने तर आज न्याय्य युद्धाची शक्यता मांडणेच अवघड झाल्याचे लिहिले. तरी कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात स्वसंरक्षणार्थ युद्धाच्या अटी अजून कायम आहेत.